चेहऱ्यावर शाई कधी सोडायची

२४ जुलै, बेळगाव

पाऊस धरून आहे. एप्रिलात ओला केलेला कागद पाच-सात मिनिटांत सुकायला लागतो, आज तोच अर्धा तास ओला राहतो. शाई आणि जलरंगात व्यक्तिचित्र करणाऱ्याला ही अडचण कमी, सोयच जास्त. मऊ कडा हव्या असतील तर यासारखे दिवस नाहीत. फक्त घड्याळ सोडून कागदाकडे बघायचं.

बोर्ड तिरका धरून चकाकी बघावी. पाणी साचलेलं दिसतंय तोवर शाई सोडली, तर ती वाट फुटेल तिकडे धावते आणि जबड्याची कड पुसून टाकते. पाणी मुरून नुसती तकतकी उरली की शाई सेंटीमीटरभर पसरते, कडेला केसाळ होते. गालाची सावली, दाढी, कानामागचे केस यांच्यासाठी हीच वेळ. तकतकी गेली, पण हाताची पालथी बाजू टेकवली तर कागद गार लागतो, ही दगा देणारी वेळ. कुंचल्यात कागदापेक्षा जास्त पाणी असलं की ते आधीचा रंग ढकलत नेतं आणि दातेरी कडेचा डाग फुटतो. पटक्याच्या घडीत तो खपून जातो, कपाळावर नाही.

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), कॉटनचा असला तर बरं. २००च्या कागदाला वळ्या पडतात, शाई खळग्यात जमते आणि नाकाशेजारी नको तिथे काळं होतं. पावसाळ्यात कागद उघडा राहिला तर त्याचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच मुरू न देणारी खळ, जातं. मग रंग टिपकागदासारखा जागच्या जागी शोषला जातो, पांढुरके ठिपके उठतात. त्यावर सोपा इलाज नाही. प्लॅस्टिकमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवणं एवढंच हातात आहे.

शाई दोन जातींची. वॉटरप्रूफ काळी शाई लाखेची असेल तर सुकल्यावर हलत नाही, त्यामुळे तिच्यावरून जलरंग फिरवता येतो. मात्र फार दाट बसली की चमकते आणि वरचा रंग थेंबाथेंबाने निसटतो. ती फाउंटन पेनमध्ये भरू नये, पेन बुजतं. बोअरच्या जड पाण्याने पातळ केली तर फाटते, बारीक कण दिसू लागतात. सध्या पागोळ्यांखाली भांडं ठेवलं की काम भागतं, पहिल्या सरीचं पाणी तेवढं सोडून द्यावं. पेनची साधी निळी-काळी शाई ओल्यात सुंदर फुटते, पण उन्हात उडते. वहीपुरती ठीक, भिंतीवर लावायच्या चित्रात नको.

रेषेला बोरू. टोक तिरकं कापून मध्ये सेंटीमीटरभर चीर द्यावी. शाई संपत आली की रेषा खरखरीत, तुटक होते, आणि भुवईला, मिशीला तीच हवी. वरची पापणी, नाकपुडी, दोन ओठांमधली फट एवढ्याच ठिकाणी भरलेली रेषा. खालच्या पापणीला रेषा ओढली की डोळा काजळ घातल्यासारखा दिसतो. उजेडाकडच्या गालाला बाह्यरेषा नकोच. म्हाताऱ्या चेहऱ्याची प्रत्येक सुरकुती बोरूने काढायचा मोह होतो. दोन-तीन काढाव्यात, बाकीच्या पातळ रंगावर सोडाव्यात.

रंग थोडेच: यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गर्द निळा). आपल्याकडच्या उन्हातल्या कातडीच्या सावलीला तीन भाग सिएना, एक भाग अल्ट्रामरीन. दोन्ही सारखे घेतले की करडं होतं आणि माणूस आजारी दिसतो. सुकल्यावर रंग उतरतो, म्हणून ओला असताना थोडा जास्तच गडद दिसायला हवा.

शिंतोड्यांची सध्या फार हौस आहे. कवटीचं, मानेचं रेखाटन ढिलं असलं की शिंतोडे ते झाकत नाहीत, उघडं पाडतात. बेळगावात तर हे चटकन कळतं. चित्रकार-शिक्षक के. बी. कुलकर्णींनी इथे विद्यार्थ्यांकडून रेखाटनाचा पाया घालून घेतला, चित्रकार रवी परांजपे (जन्म १९३५) त्यांचेच विद्यार्थी. त्या वळणात वाढलेली नजर आधी कान जागेवर आहे का ते बघते, ओघळ नंतर. शिंतोडे मारायचेच तर डोळ्यांवर कागदाचा तुकडा ठेवून, टूथब्रशने, खांद्याकडे.

हेअर ड्रायर हाताशी असला तरी ओल्या शाईवर धरू नये, हवेने शाई सरकते. तकतकी गेल्यावर हातभर लांबून फिरवावा. आणि लाखेच्या शाईचा कुंचला वेगळाच ठेवावा, स्वस्तातला सिंथेटिक. शाई मुळाशी सुकली की केस फाकतात, मग साबणानेही तो वळणावर येत नाही.