जीपमधून न दिसणारी जमीन: माझा अनुभव

मी जावळी तालुक्यात जनावरांची डॉक्टर आहे. माझ्याकडच्या बऱ्याच वाड्यांना डांबरी रस्ता शेवटपर्यंत जात नाही. पावसाळ्यात तर चिखल, ओढे आणि लाल मातीचे चढ, तिथं दुचाकी चालत नाही. म्हणून सेकंडहँड फोर-बाय-फोर जीप घेतली.

उंच गाडीत बसलं की वाटतं, आता सगळं दिसतंय. लांबचं खरंच जास्त दिसतं. पुढच्या मोटारीच्या टपावरून पलीकडचा रस्ता दिसतो. पण गाडीला लागून असलेली जमीन नजरेतून जाते, आणि वाडीत नेमकी तिथंच पोरं, वासरं, कोंबड्या असतात. जीप आली की पोरं धावत येतात आणि थेट बॉनेटला हात लावतात. म्हणून मी ठरवलं, आपल्याला किती दिसत नाही हे मोजल्याशिवाय गाडी वाडीत न्यायची नाही.

शिकवायला मिलिटरी आपशिंगे या गावचे एक आजोबा मिळाले. फौजेत गाड्या चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. पहिल्या भेटीत त्यांनी गाडी सुरूच करू दिली नाही. चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "बसा आत, डॉक्टरीणबाई. रोज बसता तशाच बसा. मान ताणायची न्हाई."

मग हातात काठी घेऊन ते बॉनेटसमोर उभे राहिले. काठीचं टोक जमिनीला टेकवलेलं. एकेक पाऊल मागं जायचे आणि विचारायचे, "दिसलं?" मी म्हणायची, नाही. टोक दिसलं तेव्हा ते इतके लांब गेले होते की मला वाटलं त्यांनी चुकून जास्त पावलं टाकली. जिथं दिसलं तिथं त्यांनी फक्की टाकली, कबड्डीचं मैदान आखतात तीच पांढरी फक्की. असंच डाव्या अंगाला, उजव्या अंगाला, मागं. शेवटी गाडीभोवती एक वेडावाकडा पांढरा घेर तयार झाला. उजवीकडं, म्हणजे माझ्या दाराकडं, तो अरुंद होता. डावीकडं भरपूर रुंद. मागं तर अंगण संपलं तरी घेर मिटेना, कारण दाराच्या काचेत निम्मी स्टेपनीच दिसते. जिम्नी, थार, गुरखा, या सगळ्यांचीच स्टेपनी मागच्या दारावर असते, त्यामुळं हे कुणालाही आपल्या गाडीत बसून पाहता येईल.

मग आजोबांनी बघायला जमलेल्या पोरांना घेराच्या आत, गाडीला चिकटून बसायला सांगितलं. सात-आठ पोरं होती. मी आतून बघत होते आणि मला अंगण पूर्ण रिकामं दिसत होतं. त्यांचं खिदळणं ऐकू येत होतं, डोकं मात्र एकाचंही दिसत नव्हतं. इंजिन बंद होतं, चावी आजोबांच्या खिशात होती, तरी माझे हात गार पडले.

घरी येऊन मी आकडे मांडले. माझी उंची पाच फूट. सीटवर बसल्यावर माझा डोळा जमिनीपासून १५० सेंमीवर येतो. बॉनेटची पुढची कड ११० सेंमी उंच आणि माझ्यापासून १७० सेंमी लांब. शाळेतल्या समरूप त्रिकोणांनी हिशेब केला तर बॉनेटपुढची जवळजवळ पावणेपाच मीटर जमीन मला दिसत नाही. ९० सेंमी उंचीचं पोर बॉनेटपासून ८५ सेंमीच्या आत उभं असेल, तर त्याच्या डोक्याचा केसही दिसणार नाही. आता डोळा फक्त पाच सेंमी वर घ्या: न दिसणारी जमीन अर्ध्या मीटरहून जास्त कमी होते. एवढ्याशा उंचीनं एवढा फरक पडतो हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. माझ्या गाडीत सीट वर-खाली करायची सोय नाही. सुटी उशी घसरते आणि ब्रेक दाबताना अंग सरकतं, म्हणून कुशनवाल्याकडून सीटच्या कव्हराखाली घट्ट फोमचा थर शिवून घेतला. सगळ्या खटाटोपात सर्वांत कमी पैसे याला लागले आणि सर्वांत जास्त उपयोग याचा झाला.

आरशांचं शिकायला वेळ लागला. आपण बहुतेक जण बाजूच्या आरशात स्वतःच्याच गाडीचं अंग बघत असतो. जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन इंजिनिअरनं १९९५ साली मांडलेली रीत अशी: डोकं उजव्या काचेला टेकवायचं आणि उजवा आरसा इतका बाहेर फिरवायचा की गाडीची कड जेमतेम दिसेल. मग डोकं दोन सीटच्या मधोमध आणून डावा आरसा तसाच लावायचा. सातारा-मेढा रस्त्यावर मी असेच आरसे लावते. मागून येणारी दुचाकी मधल्या आरशातून निघाली की बाजूच्या आरशात येते, मध्ये हरवत नाही. डांबर संपलं की मात्र हे उपयोगाचं नाही. तिथं मागचं चाक आणि कडेची चर दिसली पाहिजे, म्हणून थांबून दोन्ही आरसे खाली झुकवते.

घाटात खरी भीती समोरच्या काचेच्या उजव्या खांबाची. माझ्या गाडीत तो दहा सेंमी रुंद आणि डोळ्यापासून सत्तर सेंमीवर आहे. दोन्ही डोळ्यांनी बघितलं तरी वीस मीटरवर साधारण एक मीटरचा पट्टा त्याच्या आड जातो. समोरून येणारा मोटारसायकलवाला त्यात आख्खा मावतो. उजव्या वळणावर रस्ता नेमका याच खांबामागून उलगडतो, आणि दोघांचे वेग जुळले तर तो बराच वेळ खांबाआडच राहतो. यावर एकच उपाय आहे, वळणाआधी डोकं पुढं-मागं हलवून खांबाच्या दोन्ही बाजूंनी बघणं. सुरुवातीला मान अवघडली. आता ते आपोआप होतं.

चढाचा माथा हा वेगळाच प्रकार. तिथं समोर नुसतं बॉनेट आणि आभाळ. पलीकडं वाट वळते की तुटते, काही कळत नाही. आजोबांचा नियम साधा: माथ्याच्या अलीकडं सपाट जागा मिळेल तिथं थांबा, उतरा, चालत वर जा आणि पलीकडचं एखादं झाड लक्षात ठेवा. मग चढताना गाडीचं नाक त्या झाडाच्या रोखानं ठेवायचं.

गाडीबाहेरून दिशा दाखवणारा माणूस एकच हवा, हेही त्यांनी पक्कं करून घेतलं. वाडीत मदतीला पाच जण धावतात आणि पाचही जण वेगवेगळे हात करतात. आता आमचे कंपाउंडर उतरतात, मी फक्त त्यांचे हात बघते. डिझेल इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळं हातांवर. ते दिसेनासे झाले की गाडी जागच्या जागी उभी. ते उताराच्या खालच्या अंगाला किंवा गाडी आणि बांध यांच्या मध्ये कधीही उभे राहत नाहीत. "थांबा" मात्र कुणीही ओरडलं तरी थांबायचं, अगदी चार वर्षांच्या पोरानंही.

कॅमेरा मी मुद्दाम शेवटी बसवला. आपल्याकडं नव्या मोटारींना मागचे सेन्सर जुलै २०१९ पासून सक्तीचे झाले. माझी गाडी त्याआधीची. अमेरिकेत तर मे २०१८ पासून नव्या मोटारींना मागचा कॅमेराच सक्तीचा आहे. फिटर म्हणाला, नुसते सेन्सर टाका, स्वस्तात होईल. पण सेन्सर समोरच्या वस्तूवरून परतलेल्या आवाजावर चालतो. मागं खड्डा किंवा तुटलेला बांध असेल तर आवाज परत येतच नाही, आणि आमच्याकडं मागं बहुतेक वेळा तेच असतं. म्हणून कॅमेराच घेतला, आणि स्टेपनी आड येऊ नये म्हणून तिच्या मधोमध बसवला. पावसात त्याच्यावर चिखल बसतो. प्रत्येक वाडीत उतरलं की आधी फडक्यानं पुसते.

फिटरनं काळी फिल्म आणि पुढं लोखंडी गार्डही सुचवला होता. अशा काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये बंदी घातली, आणि असे गार्ड बेकायदा असल्याचं केंद्रानं २०१७ मध्ये राज्यांना कळवलं आहे. पण कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. संध्याकाळी धारेच्या वेळी गोठ्यासमोर आधीच अंधार असतो, त्यात काच काळी करून मला काय दिसणार?

डावं पुढचं चाक अजून मला दिसत नाही. ट्रकला त्या बाजूला खाली बघणारा छोटा फुगीर आरसा असतो, तसाच एक मडगार्डवर बसवायचा आहे. साताऱ्यात एकानं तो बनवून द्यायचं कबूल केलं आहे. मिरगाच्या आत बसला पाहिजे.