व्हर्मीरच्या विटा, आमचा जांभा

तैलरंग शिकायचे तर आधी एखादं थोर चित्र उतरवून काढ, असं आमचे सर म्हणाले आणि मी डच चित्रकार योहानेस व्हर्मीरचं ‘द लिटल स्ट्रीट’ निवडलं. साधारण १६५८ सालचं चित्र. डेल्फ्ट शहरातलं जुनं विटांचं घर, दारात हातकाम करत बसलेली बाई, बोळात दुसरी, फरशीवर खेळणारी दोन मुलं. मूळ चित्र आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्याची खूप मोठी प्रतिमा संग्रहालयाने सर्वांसाठी मोफत ठेवली आहे, त्यामुळे रत्नागिरीत बसून भिंतीवरची भेगसुद्धा पाहता येते.

मूळ चित्र ५४.३ बाय ४४ सेंटिमीटरचं. दुकानातला १६ बाय २० इंची कॅनव्हास त्या प्रमाणाला जवळजवळ जुळतो, उंचीत जेमतेम पाव इंच उरतो. चौकोन आखून रेखाटन केलं. घर अगदी समोरून पाहिलेलं आहे, म्हणून नवशिक्याला हे चित्र सोयीचं.

पहिला थर रॉ अंबर या मातकट तपकिरी रंगाचा, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला, नुसता छायाप्रकाश. अंबरमध्ये मँगनीज असतं, तो लवकर वाळतो. टायटॅनियम व्हाइटचं तसं नाही. तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. त्यात आमचा पावसाळा! श्रावणात पांढरा रंग किती दिवस बोटाला लागत राहिला. खालच्या थरात तेल कमी आणि वरच्यात जास्त, हा नियम मी काटेकोर पाळला. नाहीतर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडे जातात. कॅनव्हास ओलसर भिंतीला टेकवू नये, मागून बुरशी धरते. आणि तेलाची फडकी चुरगळून ठेवू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून, मोकळी पसरून वाळवा.

खरा अभ्यास भिंतीचा. दुरून वाटतं, एकेक वीट रंगवली आहे. प्रतिमा मोठी करून पाहिली की दिसतो तांबूस-तपकिरी रंगाचा पट आणि त्यावर दरजांच्या फिकट रेषा, कुठे तुटक, कुठे पुसट. बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि कणभर अल्ट्रामरीन यांवर मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या. खालच्या चुन्याच्या भागात तर निव्वळ पांढरा जवळपास नाहीच. राखाडी, पिवळट, निळसर, आणि तरी डोळा त्याला पांढरी भिंत म्हणतो. मला या चित्रातला तोच भाग सर्वांत सुंदर वाटतो, बायका-मुलांपेक्षाही.

वेलीची पानं निळसर आहेत. त्या काळच्या डच चित्रांत पिवळा रंग उडून हिरव्याचा निळा झालेला बऱ्याचदा आढळतो. मी पानं आज दिसतात तशीच ठेवली.

विटा संपता संपता मी आमच्या पडवीच्या चिऱ्यांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. भिजलेला जांभा काळपट-जांभळा, वाळला की नारिंगी, आणि भोकांतली सावली कधीच काळी नसते. त्या भिंतीचे छोटे अभ्यास आता पुठ्ठ्यावर सुरू केले आहेत, त्याच तीन रंगांत.

नकलेला वार्निश सहा महिने ते वर्षभराने लावायचं आहे. कॅनव्हासच्या मागे ‘व्हर्मीरवरून’ असं लिहून खाली माझं नाव घातलंय.