तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फावर सम कुठे असते?

हिवाळी ऑलिंपिक सुरू झालं की माझ्या फोनवर फिगर स्केटिंगबद्दल, म्हणजे बर्फावर संगीताच्या साथीने करतात त्या स्केटिंगबद्दल, एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. मंडळातल्या मैत्रिणी विचारतात, शेजारच्या काकू विचारतात, आणि सांगलीची आत्या तर हमखास विचारते. तिच्या शब्दांत सांगायचं तर, "अगं, गाणं मागे वाजतंय, ती पोरगी पुढे घसरतेय. उड्या अवघड, हे कळलं. पण गाणं अवघड म्हणजे काय? आणि तू तर सात वर्षं गाणं शिकलीस, तुला कसलं जड जातंय?"

आत्या स्वतः पेटी वाजवते. तिला थातूरमातूर सांगून चालत नाही.

आधी माझी पायरी सांगते, म्हणजे गैरसमज नको. मी कॅनडात, ऑन्टारियोत राहते. मुलीला रिंकवर सोडायचे आणि काचेमागे कुडकुडत बसायचे. अडतिसाव्या वर्षी म्हटलं, कुडकुडायचंच आहे तर बर्फावर उभं राहून कुडकुडू. मुलीने दोन वर्षांत स्केटिंग सोडलं, मी अजून आहे. माझ्या उड्या एका गिरकीच्या, त्यातही वॉल्ट्झ जंप अर्ध्याच गिरकीची. शनिवारी सकाळी मुलांच्या सरावाला मी गाणी लावायला बसते. ज्याचं गाणं लागलंय त्याने केशरी जाकीट घालायचं आणि बाकीच्यांनी त्याला वाट द्यायची, अशी पद्धत. त्या पोरांची गाणी घरी बसून कापूनही देते. तेव्हा जे सांगतेय ते या खिडकीतून दिसलेलं आहे.

तर आत्या, तुझा तबलजी थांबतो. गाणारीने आलाप लांबवला तरी तो ठेका धरून बसतो, आणि मुखडा घेऊन ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली की दोघं एकमेकांकडे बघून हसतात. आमच्याकडे साथीला माणूस नाही. कुणा पियानोवाल्याने कधीतरी कुठल्यातरी स्टुडिओत, त्या दिवशीच्या त्याच्या श्वासाप्रमाणे जे वाजवलं, ते वाजतं. तो कुठे रेंगाळला, कुठे घाईत निघाला, सगळं कायमचं गोठलेलं. त्याच रचनेचं दुसऱ्या पियानोवाल्याचं रेकॉर्डिंग लावलं तर बसवलेला प्रोग्रॅम जुळत नाही. आणि तुमचा पाय अडखळला म्हणून तो पाव मात्राही थांबायचा नाही.

२०२२ साली बीजिंगच्या ऑलिंपिकला जपानच्या युझुरू हान्यूचं काय झालं ते बघा. दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं घरी असलेला माणूस. शॉर्ट प्रोग्रॅमला, म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या, छोट्या फेरीला, सँ-साँसची 'रोंदो काप्रिचिओसो' ही रचना, पियानोवर वाजवलेली. पहिलीच उडी चार गिरक्यांची, आणि झेप घेताना ब्लेड नेमकं बर्फातल्या खड्ड्यात अडकलं. चाराची एक झाली. ९५.१५ गुण, आठवा क्रमांक. पण ती चित्रफीत आवाज मोठा करून बघा. उडी फसल्यावर पुढच्या स्वरावर तो जिथे असायला हवा होता तिथेच आहे. चेहऱ्यावर रेघ नाही. माझ्यासारखीने त्या जागी आधी खड्ड्याकडे वळून पाहिलं असतं.

आता ठेक्याचं. सिनेमातल्या गाण्याला ढोलक असतो, पॉपच्या गाण्याला ड्रम असतो, आठ मोजले की आपण पुन्हा पहिल्यावर. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातही मात्रा मोजलेल्या असतात, पण त्या ऐकू येतीलच असं नाही. देब्यूसीचं 'क्लेअर द ल्यून' घ्या, १९०५ साली छापलेलं. चंद्रप्रकाश. बर्फावर वर्षानुवर्षं वाजत आलेला तुकडा. नऊ मात्रांची चाल, तीन-तीन-तीन. सुरुवातच पहिली मात्रा सोडून होते, मग स्वर पुढच्या मात्रेवर ओढून धरलेले, त्यामुळे जिथे सम म्हणून टाळी द्यायला जावं तिथे काही वाजतच नाही. पंधराव्या आवर्तनाशी तर देब्यूसीने स्वतःच लिहून ठेवलंय, 'टेम्पो रुबातो'. रुबातो म्हणजे चोरलेला. इथे वेळ चोरायचा, तिथे परत करायचा, किती ते वाजवणाऱ्याने ठरवायचं.

माझ्या कोच बाईंनी माझ्या पहिल्यावहिल्या स्पर्धेसाठी नेमकं हेच निवडलं. "तुला गाणं येतं ना," म्हणाल्या. मला काय, मी खूश.

नाचणाऱ्याचा पाय जमिनीवर आपटतो, घुंगरू वाजतात, मात्रा दिसते आणि ऐकूही येते. बर्फावर पाय आपटायचा प्रश्नच नाही, तो सतत पुढे चाललेला असतो. मग बघणाऱ्याला ताल दिसणार कशात? गुडघा वाकतो त्यात, आणि उडी उतरते त्यात. पण उडी समेवर उतरवायची तर तिची तयारी दोन-तीन सेकंद आधी सुरू झालेली हवी. वळायचं, कडेवर वजन घ्यायचं, गुडघा खाली, मोकळा पाय झोकात पुढे. हवेतला वेळ केवढा, तर चार गिरक्या मारणारे मोठे लोकसुद्धा पाऊण सेकंदाच्या आत खाली येतात. म्हणजे गायकाने तिहाईचं शेवटचं 'धा' कुठे पडणार हे आधी मोजून निघावं, आणि मधे तबलजीने न सांगता लय सोडावी, असं हे काम आहे.

संथ संगीत सोपं, हा आणखी एक गैरसमज. शाळेच्या क्रीडामहोत्सवातली स्लो सायकलची शर्यत आठवा. जोरात कुणीही चालवतं, हळू चालवताना भलेभले पाय टेकतात. एका पायावर, ब्लेडच्या एका कडेवर, लांबलचक वाक्य संपेपर्यंत वेग न घालवता जायचं, हा आमचा विलंबित ख्याल. धडाडधूम संगीतात एखादं पाऊल डगमगलं तर खपून जातं. पियानोच्या एकट्या स्वरावर डगमगलात की शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही दिसतं.

मुळात मग सगळे शास्त्रीयच का घेत होते? एक कारण अगदी कोरडं आहे. एकेरी आणि जोडीच्या स्पर्धांमध्ये शब्द असलेलं गाणं चालतच नव्हतं, ती मुभा २०१४-१५ च्या हंगामापासून मिळाली. त्याआधी त्याच त्या ठरावीक रचना फिरत राहायच्या. १९८८ ला कॅलगरीत कातारिना विट आणि डेबी थॉमस दोघींनीही बिझेच्या 'कार्मेन' या ऑपेराचंच संगीत आणलं होतं. विटला सुवर्ण मिळालं, थॉमसला कांस्य. जे संगीत परीक्षकांनी शेकडो वेळा ऐकलंय त्यावर उतरायचं म्हणजे ओळखीच्या बंदिशीची मैफल. लोक तुमच्याबरोबर मनातल्या मनात गात असतात आणि चूक तुमच्याआधी त्यांना कळते.

कापाकापीबद्दल मात्र मला पोटतिडकीने बोलायचंय, कारण ते माझं शनिवार-रविवारचं दुखणं आहे. पॉपचं गाणं दोन कडव्यांच्या मधे कापलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. सिम्फनी कापणं म्हणजे चौकड्याच्या कापडाला जोड देणं. रेघेला रेघ जुळायला हवी, नाहीतर दुरून ठिगळ दिसतं. मधलं आणि शेवटचं आवडतं म्हणून पोरं दोन टोकांचे तुकडे आणतात. पहिला संपतो काळी एकमध्ये, दुसरा सुरू होतो पांढरी चारमध्ये. अकरा वर्षांच्या मुलीला मी म्हटलं, "बाळा, इथे सूर बदलतोय." ती म्हणाली, "मावशी, तिथे माझा स्पिन आहे, कुणाचं लक्ष नसतं." व्यवहारज्ञान माझ्यापेक्षा तिला जास्त.

या कापाकापीतली माझ्या लेखी सर्वांत हुशार गोष्ट १९८४ ची. रावेलचा 'बोलेरो' १९२८ चा, साधारण १५ मिनिटांचा. त्यात ठेका आहे, तोही असा की पहिल्यापासून शेवटपर्यंत छोटा ड्रम एकच बोल वाजवत राहतो. पण सगळी मजा हळूहळू चढत जाण्यात. मधला भाग काढला तर चढच राहत नाही. म्हणून तो कापायचा नाही, बासुंदीसारखा आटवायचा. जेन टॉर्विल आणि क्रिस्टोफर डीन या ब्रिटिश जोडीला तो आटवून आटवून ४ मिनिटं २८ सेकंदांपर्यंतच आला, आणि मर्यादा होती ४ मिनिटं १० सेकंद. वरच्या १८ सेकंदांचं काय करायचं? नियमाप्रमाणे घड्याळ सुरू व्हायचं ते ब्लेड बर्फाला टेकल्यावर. मग दोघं गुडघ्यांवर बसले, आणि ती १८ सेकंदं बसल्या जागी डोलण्यात काढली. साराजेवोचं ऑलिंपिक, १४ फेब्रुवारी. सादरीकरणासाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी ६.०, म्हणजे पैकीच्या पैकी, दिले. लोक त्या गुडघ्यांवरच्या सुरुवातीला प्रेमाची आर्तता वगैरे म्हणतात. असेलही. मला त्यात नियमांचं पुस्तक नीट वाचलेली दोन माणसं दिसतात.

नियम आणि संगीत यांचं असं आट्यापाट्यांचं नातं अजून आहे. प्रोग्रॅमच्या उत्तरार्धात, पाय थकलेले असताना मारलेल्या उड्यांना दहा टक्के जास्त गुण मिळायचे. २०१८ ला प्याँगचांगमध्ये अलिना झागितोवाने मिन्कुसच्या 'डॉन किहोते'वर सगळ्याच्या सगळ्या उड्या उत्तरार्धात ठेवल्या. पूर्वार्धात नुसत्या गिरक्या आणि पावलं. फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या, मोठ्या फेरीत, तिला आणि तिची प्रतिस्पर्धी येवगेनिया मेदवेदेवा हिला सारखेच, १५६.६५ गुण पडले, आणि शॉर्ट प्रोग्रॅमच्या आघाडीवर ती जिंकली. जिद्द म्हणून मी सलाम करते. पण गाणं म्हणून ते अर्धं पान कोरं आणि पुढे समासातही लिहिलेलं, असं वाटतं. पुढच्याच हंगामात नियम बदलला, आता फ्री स्केटमध्ये फक्त शेवटच्या तीन उड्यांना ती बढती मिळते.

याच्या उलट टोकाला जपानची माओ असादा. सोची, २०१४. शॉर्ट प्रोग्रॅमला शोपँचं नाजूक नॉक्टर्न, पडझड झाली आणि ती सोळावी. दुसऱ्या दिवशी राखमानिनोफचा दुसरा पियानो काँचेर्तो. सुरुवातीला पियानो एकटाच घंटेसारखा वाजत चढत जातो आणि मग ऑर्केस्ट्रा लोंढ्यासारखा येतो. त्या लोंढ्यात ती शिरली ती शेवटची पावलं पडेपर्यंत बाहेर आली नाही. १४२.७१ गुण, तिची तोवरची सर्वोत्तम कामगिरी. एकूण क्रमांक सहावा. संपल्यावर वर बघून रडली. मी ते दर हिवाळ्यात एकदा बघते आणि दर वेळी कांदा चिरत असल्याचं सांगते.

एक अडचण अशी आहे जी टीव्हीवर कळूच शकत नाही. आमच्या रिंकमध्ये स्पीकर एका टोकाला टांगलेले आहेत आणि रिंक लांबीला साठेक मीटर. दुसऱ्या टोकाला आवाज पोचायला जवळजवळ ०.१८ सेकंद लागतात. तिकडच्या कोपऱ्यात मी बरोबर मात्रेवर असते तेव्हा इकडे बसलेल्या परीक्षकांच्या कानाला मी मागे असते. त्यात बर्फ गोठवणाऱ्या यंत्राची घरघर, वर पत्र्याचं छत. पियानोचे मंद स्वर तिथपर्यंत जिवंत पोचतच नाहीत. कापताना मी हळू भाग थोडे मोठे करून देते. पियानोवाल्याला कळलं तर तो मला बर्फातच पुरेल.

तर माझी स्पर्धा. पावणेदोन मिनिटांचा प्रोग्रॅम. मी गाणं शिकलेली, त्यामुळे सगळं मोजून बसवलं. नऊचं एक आवर्तन, इतक्या आवर्तनांनंतर वॉल्ट्झ जंप, मग सॅल्काव ही दुसरी उडी, मग बसका स्पिन. स्वयंपाक करताना मोजायचे, हायवेवर मोजायचे. कोच बाई म्हणत, "मोजू नकोस, वाक्य कुठे श्वास घेतंय ते ऐक." मी मान डोलवायचे आणि मोजायचे.

त्या दिवशी जीव घाबरा झालेला, त्यामुळे मोजणी जरा भरभर चालली. पियानोवाला त्याच्या ठरल्या जागी रेंगाळला, मी नाही रेंगाळले. सॅल्काव चांगला झाला, खरंच चांगला झाला, पण ज्या स्वरावर व्हायला हवा तो स्वर यायचा होता. स्पिन झाला. शेवटची पोझ झाली, उजवा हात वर, मान थोडी तिरकी. आणि गाणं चालूच. नंतर चित्रफितीवर घड्याळ लावून बघितलं, सहा सेकंदं. मी हात वर करून उभी, गालावरचं हसू गोठत चाललेलं, आणि तिकडे तो पियानोवाला निवांत एकेक स्वर ठेवतोय.

चित्रफीत आत्याला पाठवली. रात्री तिचा फोन आला.

"बघितलं हो," म्हणाली. "शेवटी ते हात वर करून थांबलीस ना, तेवढं अगदी लयीत होतं बघ."