बन्ना स्ट्रँड: शस्त्रं आली, निरोप पोचला नाही

आयर्लंडच्या केरी काउंटीत लोक येतात ते डोंगर आणि सरोवरं पाहायला. मी ट्रॅलीहून आधी बन्ना स्ट्रँड गाठलं, कारण रॉजर केसमेंट हा ब्रिटिश परराष्ट्र सेवेतला आयरिश माणूस कित्येक वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही. काँगोतल्या आणि अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या रबरमजुरांचे हाल त्याने जगापुढे आणले, म्हणून ब्रिटिशांनी त्याला 'सर' केलं. तोच महायुद्ध पेटल्यावर आयरिश स्वातंत्र्यासाठी मदत मागायला बर्लिनला गेला.

बन्नाला अटलांटिकचा वारा उभं राहू देत नाही. वाळूच्या टेकड्या, त्यावर उंच गवत, आणि पुढे नजर पोचेल तिथवर सपाट किनारा. २१ एप्रिल १९१६, गुड फ्रायडेच्या पहाटे यू-१९ या जर्मन पाणबुडीने केसमेंट, रॉबर्ट माँटीथ आणि डॅनियल बेली यांना एका लहान होडीत सोडलं. लाटांनी होडी उलटली. भिजून, गारठून तिघे कसेबसे किनाऱ्याला लागले. सकाळी एका शेतकऱ्याला होडी सापडली, तेव्हा त्याची लहान मुलगी वाळूत मिळालेल्या पिस्तुलांशी खेळत होती.

केसमेंट आजारी होता, त्याला चालवेना. सोबती मदत आणायला ट्रॅलीकडे गेले आणि तो आर्डफर्टजवळ मॅकेनाज फोर्टमध्ये लपला. किल्ला म्हणावं असं तिथे काही नाही. झाडाझुडपांनी वेढलेलं एक प्राचीन गोल मातीचं रिंगण आहे. दुपारी पोलिसांनी त्याला तिथेच धरलं. खिशात बर्लिन ते विल्हेल्म्सहाफेन प्रवासाचं रेल्वे तिकीट निघालं! जर्मनीची मदत अपुरी आहे हे ओळखून तो खरं तर ईस्टरच्या दिवसांत ब्रिटिशांविरुद्ध ठरलेला आयरिश उठाव थांबवायला आला होता. त्याला ३ ऑगस्टला लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात फाशी झाली.

पण मला जास्त अस्वस्थ करते ती शस्त्रांच्या जहाजाची हकीकत. या उठावासाठी 'लिबाऊ' हे जर्मन जहाज 'आउड' असं नॉर्वेजियन नाव घेऊन निघालं. पोटात २०,००० रायफली, १० मशीनगन आणि सुमारे १० लाख गोळ्या. कप्तान कार्ल स्पिंडलर ठरल्याप्रमाणे २० तारखेला ट्रॅलीच्या उपसागरात पोचला. किनाऱ्यावर कुणीच नाही. मधल्या काळात उठावाच्या डब्लिनमधल्या पुढाऱ्यांनी शस्त्रं रविवारी रात्रीच्या आधी उतरवू नयेत असं कळवलं होतं, पण जहाज तोवर निघून गेलेलं, आणि त्यावर बिनतारी यंत्रच नव्हतं. इकडे ब्रिटिश नौदलाची 'रूम ४०' मात्र जर्मनांचे सांकेतिक संदेश वाचत होती. जहाज पकडलं गेलं आणि २२ एप्रिलला कॉर्क बंदराबाहेर स्पिंडलरने ते स्वतःच बुडवलं.

तिथून मी किलॉर्गलिनजवळच्या बॅलिकिसेनच्या धक्क्यावर गेलो. त्याच शुक्रवारी रात्री उठावाच्या तयारीतले काही आयरिश स्वयंसेवक काहरसिव्हीनहून बिनतारीचं साहित्य पळवून आणायला निघाले होते. त्या जहाजाशी संपर्क साधायचा होता! अंधारात मोटारीचा रस्ता चुकला आणि ती धक्क्यावरून थेट पाण्यात गेली. कॉन कीटिंग, डॉनल शीहन आणि चार्ली मोनॅहन बुडाले. तिथल्या स्मारकावरची ही तीन नावं वाचताना घसा दाटून आला, कारण जहाजावर ऐकणारं यंत्रच नाही हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

आपल्याकडे या गोष्टीला जुळी गोष्ट आहे. जर्मन पैशाने भारतीय क्रांतिकारकांसाठी शस्त्रं घेऊन निघालेलं 'अ‍ॅनी लार्सन' हे जहाज १९१५ मध्ये मेक्सिकोजवळच्या सोकोरो बेटावर 'मॅव्हरिक' या दुसऱ्या जहाजाची वाट पाहत राहिलं. दोघांची गाठ पडलीच नाही. त्या व्यवहारात जोसेफ मॅगॅरिटी हा अमेरिकेतला आयरिश पुढारी मध्यस्थ होता. अमेरिकेतून गदर या क्रांतिकारी पक्षाच्या कामासाठी परतलेले तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे त्याच सुमारास मेरठला पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला ते फासावर गेले.

केरीला गेलात तर बन्नाबरोबर बॅलिकिसेनलाही जा. बहुतेक पर्यटक किलॉर्गलिनवरून तसेच पुढे निघून जातात.