खांदेरीचा किल्ला आणि खांदेरीचा दिवा

जुलै २०२५ मध्ये पन्हाळ्याला जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, तेव्हापासून कोल्हापुरात त्याविषयी अभिमानाने बोलले जाते. त्याच यादीतील खांदेरीचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच निघते, आणि जे लोक तिथे जाऊन येतात तेही तटबंदी, तोफा आणि वेताळाचे मंदिर यांविषयी भरभरून सांगून दीपस्तंभाला इंग्रजांनी मागाहून उभारलेली परकी वास्तू म्हणून सोडून देतात. मला हे पटत नाही.

खांदेरी हे बेट अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यासमोर, मुंबई बंदराकडे जाणाऱ्या दक्षिणेकडील वाटेवर आहे. या वाटेवरच्या जहाजांवर तिथून नजर ठेवता येते, म्हणूनच शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये आपले आरमारी सरदार मायनाक भंडारी यांच्याकडून तिथे किल्ल्याचे काम सुरू केले. इंग्रजांनी गलबते पाठवून बेटाची नाकेबंदी केली, तरी मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात रसद पोचवत राहिल्या. पुढे १८६७ मध्ये इंग्रजांनी तिथेच अष्टकोनी दीपस्तंभ बांधला. मराठ्यांना जी जागा पहाऱ्यासाठी मोलाची वाटली, तीच वाट दाखवण्यासाठीही मोलाची ठरली.

दिवा उंचावर ठेवण्याचे कारण पृथ्वीच्या गोलाईत आहे. समुद्रसपाटीपासून ३६ मीटर उंचीवरचा दिवा, ज्याचे डोळे पाण्यापासून ४ मीटरवर आहेत अशा खलाशाला, हवा स्वच्छ असल्यास आणि दिवा पुरेसा प्रखर असल्यास, सुमारे ३० किलोमीटरवरून क्षितिजावर दिसू लागतो. ज्योत लहान असली तरी तिचा प्रकाश इतका दूर पोचावा यासाठी फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यांनी काचेच्या लोलकांची वलये रचून सर्व बाजूंना विखुरणारे किरण एका पट्ट्यात वळवले; फ्रान्समधील कोर्दुआंच्या दीपस्तंभावर १८२३ मध्ये हे भिंग प्रथम बसले. शेजारपाजारच्या दिव्यांची लुकलुक वेगवेगळ्या अंतराने ठेवलेली असते, त्यामुळे घड्याळ लावून पाहणाऱ्याला हा कोणता दिवा, हे ओळखता येते.

एकाच दिव्यावरून अंतर काढण्याची पद्धत मला सर्वांत सुंदर वाटते. दिवा जहाजाच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाच्या दिशेशी, ४५ अंशांचा कोन करतो ती वेळ टिपायची आणि तो ९० अंशांवर, म्हणजे अगदी बाजूला येईपर्यंत दिशा व वेग बदलायचा नाही. प्रवाहाने जहाज वाहवले नसेल, तर तेवढ्या वेळात कापलेले अंतर हेच त्या क्षणी जहाजाचे दिव्यापासूनचे अंतर असते.

आता जहाजांवर जीपीएस आहे. परंतु उपग्रहाच्या संकेतांत अडथळा आणता येतो, आणि किनाऱ्यावरचा दिवा डोळ्यांनी पाहून घेतलेली दिशा त्या यंत्रावर मुळीच अवलंबून नसते. १९२७ च्या दीपगृह कायद्याऐवजी भारताने २०२१ मध्ये नवा कायदा केला, त्यातही दीपस्तंभांना जागा आहे.