यमू आणि शेजारच्या काकू

रात्री दोनपर्यंत ‘पण लक्षात कोण घेतो’ वाचत होते. हरिभाऊ आपट्यांनी यमूलाच बोलू दिलंय, म्हणून केशवपनाचा प्रसंग वाचताना वस्तरा आपल्याच डोक्यावर फिरल्यासारखा वाटतो. जुन्या काळची गोष्ट म्हणून पुस्तक मिटलंही असतं. पण आज आमच्याकडे हळदीकुंकू, आणि यादीत शेजारच्या काकू नाहीत. काका गेल्यापासून त्यांना कुणी बोलावत नाही. मीही नाही.

२०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. अख्खं गाव ठरवू शकतं, मग मी?

सकाळीच गेले. “अगं, मी कशी येऊ?” म्हणाल्या. संध्याकाळी आल्या. पहिलं कुंकू त्यांनाच लावलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते.