डोव्हरच्या कड्यावरचे वैमानिक

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या डोव्हरला आलेले बहुतेक प्रवासी किल्ला आणि पांढरे कडे पाहून परततात. मी किल्ल्यामागच्या झाडीतून नॉर्थफॉल कुरणाकडे उतरलो, कारण 25 जुलै 1909 रोजी पहाटे फ्रेंच वैमानिक लुई ब्लेरिओ आपले विमान घेऊन इथेच उतरले होते. गवतात दगड बसवून त्या विमानाची आकृती आखलेली आहे. तिच्याभोवती फेरी मारताना ते यंत्र किती लहान होते हे पायांनाच कळते: पंखांचा विस्तार आठ मीटरांहून कमी आणि इंजिन अवघे 25 अश्वशक्तीचे. सहाच दिवसांपूर्वी इंग्लिश खाडी ओलांडण्याच्या प्रयत्नात ह्यूबर्ट लॅथम यांचे इंजिन बंद पडून ते समुद्रात उतरले होते. हे ठाऊक असूनही, भाजलेल्या पायाने आणि होकायंत्राशिवाय, ब्लेरिओ यांनी सुमारे 37 मिनिटांत इंग्लिश खाडी ओलांडली.

तिथून पुढे स्विंगेटच्या माळावर गेलो. माझ्या मते लष्करी विमानविद्येच्या इतिहासात या माळाचे मोल त्या कुरणाहूनही मोठे आहे. ब्लेरिओ यांच्या उड्डाणाला जेमतेम पाच वर्षे झाली असताना, 13 ऑगस्ट 1914 रोजी सकाळी, रॉयल फ्लाइंग कोअरची, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या हवाई दलाची, विमाने इथून पहिल्या महायुद्धाच्या फ्रान्समधील युद्धभूमीकडे निघाली. आदल्याच दिवशी, डोव्हरला येण्यासाठी इंग्लंडमधल्याच नेदरएव्हनहून उड्डाण करताना लेफ्टनंट स्कीन आणि मेकॅनिक बार्लो कोसळून ठार झाले होते. तरीही कोणी मागे हटले नाही. समुद्रात पडलोच तर तरंगता यावे म्हणून वैमानिकांनी मोटारीच्या टायरच्या हवा भरलेल्या ट्यूब बरोबर घेतल्या होत्या, आणि वाटेत झेपेलिन (जर्मनांचे अवाढव्य हवाई जहाज) दिसल्यास त्यावर विमान आदळावे, असा त्यांना आदेश होता, कारण विमानांवर मशीनगन नव्हत्या. लेफ्टनंट हार्वे-केली सर्वांत आधी, सकाळी 8.20 वाजता, फ्रान्समधल्या अमिअँला उतरले.

वाऱ्यात उभा राहून मी तिथल्या स्मारकाचा लेख वाचत होतो, तेव्हा या माणसांचे काम खरोखर काय होते याचाच विचार मनात येत होता. त्यांना लढायचे नव्हते, पाहायचे होते. उघड्या बैठकीत बसून खालचे रस्ते, धुळीचे लोट आणि सैन्याच्या रांगा न्याहाळायच्या, कागदावर टिपायच्या आणि ती टिपणे सेनापतीपर्यंत पोहोचवायची. सप्टेंबरच्या सुरुवातीला जर्मन सेना पॅरिसच्या पूर्वेकडे वळत असल्याचे फ्रेंच आणि ब्रिटिश वैमानिकांनी कळवले आणि पॅरिसकडे येणाऱ्या जर्मनांना रोखणाऱ्या मार्नच्या लढाईची आखणी त्या माहितीवर उभी राहिली. विमानाकडे खेळ म्हणून पाहणाऱ्या सेनाधिकाऱ्यांना याहून ठोस उत्तर मिळाले नसते.

खाडी ओलांडून मीही अमिअँला गेलो आणि तिथून जवळच्या हँगार्ड गावी. तिथल्या युद्धस्मशानात मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर यांची कबर आहे. रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये भरती होऊन लढाऊ वैमानिक झालेल्या मोजक्या हिंदी तरुणांपैकी ते एक होते आणि जून 1918 मध्ये त्यांना वीरमरण आले. मुंबईहून इथे येणाऱ्याने वाट वाकडी करूनही या कबरीपर्यंत जावे, असे मला मनापासून वाटते.